लिहा साहेब, कुत्रा नाही

—नाही हो साहेब, कुत्रा नाही. लिहा तुम्ही, बिनधास्त लिहा, कुत्रा नाही. हॉस्पिटलात चार डॉक्टरांनी विचारलं, चौघांना हेच सांगितलं, आता आरोग्य खात्याचे तुम्ही पाचवे— तुम्हाला काय वेगळं सांगणार? मटणाचं दुकान आहे हे. इथे कुत्रा ठेवला तर परवाना जाईल माझा, आणि परवाना गेल्यावर या वयात मी काय शिवणकाम शिकू? बसा ना, उभे का? स्टूल जरा डुगडुगतं, भिंतीला टेकून बसा. ते भांडं होय? ते फ्रीजचं पाणी गळतं म्हणून ठेवलंय. हो, फ्रीज तिकडच्या कोपऱ्यात आहे, पण गळतं इकडे. जुना झाला साहेब, त्याचं काही खरं नाही. ही ठकठक ऐकताय ना, ओट्यामागून, तीही त्याचीच. मधेच सुरू होते, मधेच थांबते. आपण बोलायला लागलो की जास्त होते, आता यंत्राचं काय सांगावं!

तर काय लिहिलंय म्हणता हॉस्पिटलातून तुमच्याकडे आलेल्या त्या पत्रात? ‘रोगी कुत्रा नसल्याचे सांगतो, परंतु कुत्र्याशिवाय हा जंत माणसात येणे शक्य नाही.’ असं. म्हणजे मी खोटारडा. डॉक्टरीणबाईंनी लिहिलं असणार, त्यांचंच काम. बाई मोठ्या हुशार, माझा जीव त्यांनीच वाचवला, पण एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. मला कागदावर चित्र काढून समजावलं होतं— एक मेंढी, एक कुत्रा, एक माणूस, मधे बाण. मेंढीच्या काळजात, म्हणजे यकृतात हो, पाण्याचे फुगे असतात, ते कुत्र्यानं खाल्ले की त्याच्या पोटात जंत होतात, जंतांची अंडी त्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात, अंगाच्या केसांनाही लागतात, आणि कुत्र्याला कुरवाळून माणसानं तसाच हात तोंडाला लावला की अंडी माणसात. माणसाला मोठी ढेरी काढली होती. मी म्हटलं, हा मी काय? तर म्हणाल्या, कोणीही समजा. कोणीही कसा समजू? शेजारी सुरी काढली होती!

सगळं पहिल्यापासून सांगतो म्हणजे तुमचं समाधान होईल. गेल्या वर्षी उजव्या मांडीत, मागच्या बाजूला, लिंबाएवढी गाठ आली. दुखणं नाही, खुपणं नाही. बायको म्हणाली, चरबी आहे, कमी खा. कमी खाल्लं— मी वाळलो आणि गाठ वाढली. कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, शीर आखडलीय, शेका. शेकलं. मग एक मालिशवाला गाठ पडला, त्यानं नुसता हात लावून सांगितलं, मुरलेला मार आहे, चोळून चोळून जिरवू. नऊ आठवडे चोळलं हो त्या गृहस्थानं! पालथा पडून मी दात आवळायचो आणि तो वर बसून स्वतःच्या जावयाच्या तक्रारी सांगायचा. पुढे डॉक्टरीणबाईंना हे कळलं तेव्हा त्या खुर्चीतच मागे रेलल्या. म्हणाल्या, नशीब तुमचं, ती आत फुटली असती तर नुसत्या त्या पाण्यानं जागच्या जागी श्वास कोंडून गेला असतात, आणि त्यातून वाचला असतात तर एकाच्या शंभर झाल्या असत्या. मालिशवाल्याला हे सांगितलं, तर म्हणाला, म्हणून तर हलक्या हातानं करत होतो.

मग मोठं हॉस्पिटल. एक डॉक्टर म्हणाले चरबी, दुसरे म्हणाले रक्त साकळलंय, तिसऱ्यांनी असा एक शब्द उच्चारला की आमची ही तिथेच फरशीवर बसली. चरबीवाले आणि रक्तवाले माझ्या मांडीवरून एकमेकांशी भांडले— अक्षरशः मांडीवरून साहेब, एक या बाजूला, एक त्या बाजूला, मी मधे पालथा. शेवटी सोनोग्राफी काढली. आणि तिथे मी मान वळवून पडद्याकडे पाहिलं मात्र— अहो, हे तर माझ्या ओळखीचं! मोठ्या गोल फुग्यात छोटे छोटे गोल फुगे. उभा जन्म मी हेच बघत आलोय. दहा मेंढ्या कापल्या की एकीच्या काळजात निघतोच. आमचे बाबा शिकवायचे, फुगा दिसला की सुरी लावायची नाही, आख्खा सोलून बाजूला काढायचा, नाहीतर पाणी सगळ्या ओट्यावर. आणि इकडे बघतो तर रक्तवाले डॉक्टर हातात ही एवढी सुई घेऊन आलेले— म्हणे, टोचून थोडं पाणी काढून तपासू. मी उठलोच. अंगावर धड कपडा नाही, पण उठलो, टेबलाच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, टोचायचं नाही! ते म्हणाले, तुम्ही डॉक्टर आहात का? म्हटलं, नाही, मटणवाला आहे. ते म्हणाले, मग झोपा. टेबलाला तीन फेऱ्या मारल्या आम्ही! तो आरडाओरडा ऐकून डॉक्टरीणबाई आत आल्या, आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला— धंदा काय म्हणालात? रक्ताची तपासणी झाली, मोठ्या यंत्रात घालून फोटो झाले, आणि निघाला जंताचा फुगा. चार महिने चार शहाणे शोधत होते, आणि ओळखला मी, पालथा पडून.

आणि तेव्हापासून सुरू झालं ते— कुत्रा आहे का, कुत्रा होता का, शेजाऱ्यांचा कुत्रा येतो का. नाही. नाही. नाही.

पण साहेब, मान काय मिळाला म्हणता! हा फुगा बहुतेकदा काळजात होतो, नाहीतर फुप्फुसात. नुसता मांसात, मांडीच्या स्नायूत? शंभर रोग्यांत दोघा-तिघांना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढ्या वर्षांत मी पुस्तकातच पाहिला होता. रांग लागली हो! एकेक येणार, हात लावणार, नमस्कार करून जाणार. एकांनी तर विचारलं, हरकत नसेल तर घरच्यांना आणू का. नऊ सेंटीमीटर. नऊ! मी तुम्हाला खरं सांगतो, भीती वाटत होती, पण आतून गुदगुल्याही होत होत्या. आमच्या घरात सगळं पहिल्यांदा दादाला. उंची दादाला, आवाज दादाला, बाबांचं समोरचं जुनं दुकान दादाला. मला आयुष्यात एवढी एकच वस्तू अशी मिळाली की जी दादाकडे नाही. आणि तीसुद्धा काढून टाकायची म्हणे.

काढली. आधी महिनाभर जंताच्या गोळ्या, म्हणजे आतला जीव मरगळतो, मग ऑपरेशन. कमरेखाली बधिर केलं होतं, वरचा मी जागा. सर्जन भला माणूस, पण हात घाईचा. मी म्हटलं, साहेब, खालून बोट घाला, वरून ओढू नका. ते म्हणाले, यांना गप्प करा. पुन्हा म्हटलं, पापुद्रा सुटा होऊ द्या, आपोआप हातात येईल. थोड्या वेळानं ते हळूच विचारतात, मग पुढे काय करता तुम्ही? आख्खा निघाला! सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा, पांढरा, गुळगुळीत. बरणीत ठेवलाय त्यांनी. बरणीवर माझं नाव नाही, नुसता नंबर, त्याचं जरा वाईट वाटलं. गोळ्या अजून चालू आहेत, अधूनमधून फोटो काढतात. आता चालतो बघा मी— बघा— आहे का लंगडणं?

काय? खराब काळजाचं काय करतो? हे बघा साहेब, एक सांगतो, फुगेवालं काळीज गिऱ्हाइकाच्या पिशवीत या हातानं कधी टाकलं नाही. बाबांचा दंडक होता तो. ते बाजूला काढायचं आणि फौजदाराला— म्हणजे कचरेवाल्याला. कचरेवाल्याला द्यायचं. फौजदार म्हणतो आम्ही त्याला, रुबाब तसा आहे ना. सकाळी सातला येऊन पायरीवर बसतो. हो, रोज. काळीज घेऊन कुठे जातो? इथेच— इथे जवळच. मला काय माहीत कुठे टाकतो! लिहू नका हो हे, कचरेवाल्याचं काय लिहायचं.

माणूस म्हणून चांगला आहे, एवढं सांगतो. दिवसा इथे, रात्री समोर. समोर म्हणजे ते काय, रस्त्यापलीकडे, ते निळं शटर— ते दादाचं दुकान. सख्खा मोठा भाऊ माझा. अकरा वर्षं आम्ही बोलत नाही. का म्हणून काय विचारता! बाबा गेले तेव्हा सांगून गेले, सुरा थोरल्याला, धार लावायचा दगड धाकट्याला. आता मला सांगा, ही काय वाटणी झाली? दगड घेऊन मी काय करू? मी म्हटलं, दादा, सुरा मला दे, कापणारा हात माझा आहे, हे बाबांनाही ठाऊक होतं. तो म्हणाला, आधी दगड दे, मग बघू. मी म्हटलं, आधी सुरा. त्यावर तो म्हणाला, तुझा हात एवढा चांगला असता तर बाबांनी दिला नसता का? संपलं. चौदा पावलांचा रस्ता आहे साहेब. तो तिकडे बोथट सुरा घेऊन बसलाय, मी इकडे दगड घेऊन. हा बघा, हा फडक्यात गुंडाळलेला. एकदाही वापरला नाही. बाजारातल्या सुऱ्या याच्यावर कशाला झिजवायच्या?

त्याचं लग्न नाही, काही नाही. एकटा असतो मागच्या खोलीत. मला काय कळतं त्याचं? कळतं ना— कचरेवाल्यावरून कळतं. कचरेवाला सकाळी जेवून आलेला असला की समजायचं, दादा वेळेवर उठला. भुकेला आला की समजायचं, काहीतरी बिनसलंय. मागे त्याच्या पंजाला काच लागली, संध्याकाळी तसाच तिकडे गेला, सकाळी बघतो तर पट्टी बांधलेली, आणि गाठ कुठली? बाबांची! बाबा मेंढीचे पाय बांधायचे तीच, उलटा पीळ देऊन. आमच्या दोघांशिवाय जगात कोणाला येत नाही ती गाठ. मी दिवसभर ती सोडली नाही. पंजा म्हणजे... हाताचा पंजा हो. काच लागली हाताला. आणि दादाचा खवचटपणा बघा, त्याला हाक काय मारतो? चिंग्या! मला घरी लहानपणी चिंग्या म्हणायचे. रात्री शटर ओढताना मुद्दाम मला ऐकू जाईल असा ओरडतो, ‘चिंग्या, चल घरी, जेवायचंय.’ अपमान करतो माझा, दुसरं काय! मी दिवे घालवून ऐकत उभा राहतो. रोज. आणि तो आपला निर्लज्ज, हाक ऐकली की शेपूट हलवत—

ठकठक ऐकलीत ना? फ्रीज. फ्रीजच आहे.

असे बघू नका माझ्याकडे. बरं, ऐका. ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवणार? फौजदार, ये बाहेर. ये रे, ये. हा बघा. कचरेवाला. पांढरा कान एकच आहे, दुसरा पहिल्यापासून काळा. हात लावू नका! म्हणजे लावलात तर साबणानं धुवा, डॉक्टरीणबाई म्हणतात. आता लिहा काय लिहायचं ते, परवाना न्या, दुकानाला सील ठोका— पण याला नेऊ नका साहेब. मी पाया पडतो तुमच्या. चार डॉक्टरांशी खोटं बोललो ते परवान्यासाठी नाही, खरंच नाही. याला गाडीत घालून नेलं की समोरच्या घरात कोण आहे, जेवलं का, उठलं का, मला काही कळणार नाही. बारा दिवस मी हॉस्पिटलात होतो, परत आलो तर माझी पायरी धुतलेली. कोणी धुतली? याला तर येत नाही! बरं वाटलं मला, खोटं का बोलू, रडू आलं. आमच्या दोघांत एवढंच चालतंबोलतं उरलंय हो, आणि तेही चार पायांचं.

हे काय? गोळी? मला आहेत गोळ्या. याला? याला द्यायची, दीड महिन्यानं पुन्हा द्यायची, आणि कच्चं काळीज बंद, जाळून टाकायचं. आणि? आणि काही नाही? नेणार नाही? गाडी नाही आली? हा दाराबाहेर बांधला तरी चालेल, ओट्याच्या आत नको— एवढंच? अहो, मग आधी बोलायचं ना! वर्षभर माझी झोप उडालीय, टेबलाभोवती नागवा पळालो मी, आणि तुमच्या खिशात गोळी! डोंगर पोखरून उंदीर म्हणतात तो हा. ये रे फौजदार, आ कर. बघा, चावलीसुद्धा नाही, गिळली. जा आता, बस तिकडे. हल्ली फार सावकाश चालतो साहेब. मी लंगडत होतो तेव्हा माझ्या चालीनं चालायचा, ते समजू शकतो. पण मी धड झालो तरी याची ती सवय जात नाही— समोरून येताना दोन पावलं टाकतो, थांबतो, मागे बघतो, जणू कोणी लंगडत—

हो, समोरही विचारायचं असेल तुम्हाला. आधीच जाऊन आलात? काय म्हणाला तो? कुत्रा नाही? तोही म्हणाला कुत्रा नाही? खोटारडा! रात्री याच्याशी गप्पा मारतो, मी ऐकतो ना! शेवटी भाऊच माझा... काय? लंगडतो? कोण, दादा लंगडतो? कुठल्या पायानं? डाव्या. गाठ आहे? मागच्या बाजूला. दाखवली तुम्हाला? केवढी? दोन मुठींएवढी. दोन! माझी एक होती. बघा, इथेही मोठेपणा सोडला नाही. शंभरात दोघं-तिघं म्हणे, आणि दोघं आमच्याच घरात, एका—

थांबा. थांबा जरा. दाखवली का नाही त्यानं डॉक्टरला? गेला होता? डॉक्टरनं विचारलं कुत्रा आहे का, तर नाही म्हणाला आणि तसाच उठून आला, पुन्हा गेला नाही. याच्यासाठी. मग आता काय करणार म्हणतो? गळू आहे म्हणाला? आज दुपारी दुकान बंद केलं की स्वतःच फोडणार? कशानं? अहो, कशानं फोडणार? आणि तुम्ही काय म्हणालात? लिहून घेतलंत? लिहून घेतलंत आणि इकडे येऊन बसलात! आणि मी आपला तासभर मालिशवाल्याचा जावई सांगतोय तुम्हाला! किती वाजले? एकला ओढतो तो शटर. बघा, अर्धं ओढलंय बघा!

उठा. उठा साहेब, दुकान बंद. कुलूप राहू दे, नुसता पडदा ओढा. अकरा वर्षांत हा रस्ता ओलांडला नाही मी, काय बोलू जाऊन? टोचू नकोस म्हटलं तर मुद्दाम टोचेल, ओळखून आहे मी त्याला. सुरा हातातून कसा काढायचा... दगड. कुठे ठेवला मी दगड? तुमच्या फाइलखाली आहे, द्या इकडे. फौजदार, चल, तू पुढे हो. चल लवकर! ...दादा! ए दादा! शटर ओढू नकोस! इकडे बघ— सुरा आण बाहेर, धार लावून देतो! ...अरे, मी चिंग्या! ...हो, दगड आणलाय. आपलाच आहे, बाबांचा. आण ना. आण आधी, मग बोल हवं ते—

तुम्ही कुठे मागे येताय? तुम्ही जा साहेब. आमचं घरचं आहे हे.